ॲलेक गिनेस : प्राध्यापक गोडबोले होण्यापूर्वीची पन्नास वर्षे

डेव्हिड लीन यांच्या १९८४ सालच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’ या चित्रपटात प्राध्यापक नारायण गोडबोले यांची भूमिका सर ॲलेक गिनेस या सत्तरीतल्या इंग्रज नटाने केली. मूळ कादंबरीचे लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी गोडबोले हे दख्खनी ब्राह्मण म्हणून रंगवले आहेत. १९२१ साली देवासच्या मराठा संस्थानात महाराजांचे सचिव म्हणून काम करताना फॉर्स्टर यांनी तिथली गोकुळाष्टमी स्वतः पाहिली होती, आणि कादंबरीच्या शेवटच्या भागात गोडबोले ज्या भजनात देहभान विसरतात, त्यात तुकारामांच्या नावाचा गजर आहे. मराठी वाचकाला इतका जवळचा वाटणारा हा माणूस गिनेस यांच्याकडे कसा गेला, हे कळायला त्यांची सारी कारकीर्द पाहावी लागते.

गिनेस यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये झाला. जन्मदाखल्यात वडिलांच्या नावाची जागा कोरी होती, आणि ती कोणाच्या नावाने भरायची हे त्यांना अखेरपर्यंत खात्रीने कळले नाही. जाहिरात संस्थेत मजकूर लिहिण्याची नोकरी सोडून ते नाटकाकडे वळले, तेव्हा खिशात जवळपास काहीच नव्हते. नामवंत नट जॉन गिलगुड यांनी एक-एक पौंडाच्या नोटांची वीस पौंडांची चळत त्यांच्यापुढे केली, पण या तरुणाने स्वाभिमानापोटी ती घेतली नाही. त्याच गिलगुड यांनी १९३४ मध्ये आपल्या ‘हॅम्लेट’मध्ये त्यांना ऑस्रिकची छोटी भूमिका दिली. चारच वर्षांनी टायरन गथ्री यांच्या दिग्दर्शनाखाली, आधुनिक पोशाखात आणि काटछाट न करता झालेल्या प्रयोगात ते स्वतः हॅम्लेट झाले.

लीन यांच्याशी गाठ पडली तीही रंगभूमीमुळेच. १९३९ मध्ये गिनेस यांनी डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चे नाट्यरूपांतर करून त्यात हर्बर्ट पॉकेटचे काम केले होते. ते लीन यांच्या लक्षात राहिले आणि युद्धानंतर, १९४६ च्या चित्रपटात, तीच भूमिका त्यांच्याकडे आली. मधल्या काळात ते नौदलात होते आणि १९४३ च्या सिसिलीवरील स्वारीत सैनिक उतरवणारी एक नौका त्यांच्या हाताखाली होती.

पात्राचे बाह्यरूप आणि चाल पक्की झाली की माणूस आपोआप सापडतो, यावर त्यांचा विश्वास होता. १९४९ च्या ‘काइंड हार्ट्स अँड कॉरोनेट्स’मध्ये त्यांनी एकाच घराण्यातल्या आठ व्यक्ती रंगवल्या. त्यांतल्या सहा जणांना चर्चमध्ये एकत्र दाखवण्यासाठी छायाचित्रकार डग्लस स्लोकम यांनी भिंगाचा काही भाग झाकून फिल्म पुन्हा पुन्हा मागे नेली, आणि कॅमेरा केसभरही हलू नये म्हणून रात्री त्याच्याजवळच मुक्काम केला. लीन यांच्या ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’मधले, जपान्यांच्या कैदेत असलेले कर्नल निकल्सन उन्हात तापलेल्या पत्र्याच्या कोठडीतून बाहेर येतात, तेव्हाची त्यांची ताठ पण लटपटती चाल गिनेस यांनी आपल्या मुलाकडून घेतली होती. पोलिओतून उठलेला तो मुलगा पुन्हा चालायला शिकताना त्यांनी पाहिला होता. माझ्या मते त्यांच्या साऱ्या कामात इतके अस्सल दुसरे काही नाही. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळाले आणि १९५९ मध्ये ते ‘सर’ झाले.

याच विश्वासाची दुसरी बाजू १९४८ च्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’मध्ये दिसली होती. फेगिन या ज्यू चोरांच्या म्होरक्याची भूमिका गिनेस यांना द्यायला लीन तयार नव्हते, म्हणून गिनेस मूळ कादंबरीचे चित्रकार क्रुकशँक यांच्या जुन्या चित्रांवरून बेतलेले मोठे नाक लावून चाचणीला उभे राहिले आणि त्यांनी भूमिका मिळवली. पण ज्यूंच्या संहाराला तीन वर्षेच झाली असताना ते नाक अनेकांच्या जिव्हारी लागले. बर्लिनमध्ये निदर्शने झाली आणि अमेरिकेत तो चित्रपट १९५१ पर्यंत थांबून राहिला आणि मग आला तोही कापलेल्या रूपात.

तरीही ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’त लीन यांनी त्यांना अरब राजपुत्र केले, आणि अखेर गोडबोले. व्हिक्टर बॅनर्जी, रोशन सेठ आणि सईद जाफरी यांच्यासारखे भारतीय नट त्याच चित्रपटात असताना कातडीला रंग लावून एका इंग्रजाने गोडबोले व्हावे, हे तेव्हाही चुकीचेच होते. टीकाही तशीच झाली. गिनेस यांनी मेहनत घेऊन बसवलेले गोडबोलेंचे नृत्य संकलनात गळाले आणि ते मनातून दुखावले. दोघांचा तो सहावा चित्रपट होता, आणि लीन यांचा शेवटचा.