बातमीदार गुप्तहेर (रहस्यकादंबरी)

गुन्ह्याचा छडा पोलीस किंवा पगारी गुप्तहेराऐवजी वर्तमानपत्राचा बातमीदार लावतो, अशा रहस्यकादंबऱ्यांचा हा प्रकार. या नायकाजवळ वॉरंट नसते, संशयिताला ठाण्यात बसवून ठेवायचा अधिकार नसतो. त्याच्यापाशी असते ती प्रश्न विचारायची मुभा, आणि मानेवर रात्री पान छपाईला सोडायची वेळ. मराठीला या जोडीचे नवल वाटू नये. मोडी कागदपत्रांतला बातमीदार हा मुळात हेरच. ‘बातमी काढणे’ हे त्याचे काम. होळकर-शिंद्यांच्या दरबारांत अखबारनीस बसत आणि तिथली हालहवाल आपापल्या धन्याला लिहून कळवत. छापखाना आल्यावर धनी बदलला, एवढेच.

वर्तमानपत्र रहस्यकथेत आले ते बातमीदाराच्या आधी. एडगर ॲलन पो याने न्यूयॉर्कमधल्या मेरी रॉजर्स या तरुणीच्या १८४१ मधील मृत्यूवर बेतलेली कथा १८४२-४३ मध्ये लिहिली. तिच्यातला हौशी गुप्तहेर द्युपाँ केवळ कात्रणे वाचून, त्यांतल्या विसंगती पकडून तर्क चालवतो. प्रत्यक्ष बातमीदार नायक झाला तो फ्रेंच लेखक गास्ताँ लरू याच्या १९०७ मध्ये क्रमशः आलेल्या ‘पिवळ्या खोलीचे रहस्य’ या कादंबरीत. आतून बंद खोलीतल्या हल्ल्याचे कोडे सोडवणारा रूल्ताबीय हा त्यातला मिसरूडही न फुटलेला पोरगा. त्याला नोकरी मिळाली ती हकीकत मासलेवाईक आहे: एका स्त्रीच्या प्रेताचे तुकडे सापडलेले असतात, फक्त डावे पाऊल सापडत नाही, आणि हा पोरगा गटारात शोधून ते पाऊल संपादकापुढे आणून ठेवतो. अर्ज नाही, शिफारस नाही. लरू स्वतः पॅरिसच्या दैनिकासाठी कोर्टातल्या बातम्या लिहीत असे, त्यामुळे संपादक कशाला भुलतो हे त्याला ठाऊक असणार.

या प्रकाराचे यंत्र तीन गोष्टींवर चालते. पहिली, मज्जाव. पोलिसाला दार उघडावेच लागते. बातमीदाराच्या तोंडावर ते आपटता येते. म्हणून त्याची खरी मिळकत म्हणजे ओळखीपाळखी: ठाण्यातला मुन्शी, शवागारातला कर्मचारी, चहाची टपरी. दुसरी, घाई. छापले की खुनी सावध होतो, न छापावे तर दुसरे वर्तमानपत्र बाजी मारते. ही ओढाताण खाजगी गुप्तहेराच्या वाट्याला येत नाही, आणि चांगल्या कादंबऱ्या तिच्यावरच तगतात. तिसरी, चूक. गुप्तहेराचा चुकीचा तर्क त्याच्या डोक्यात राहतो, बातमीदाराचा सकाळी दारोदार पडतो. स्टीग लार्सनच्या २००५ मधील स्वीडिश कादंबरीचा नायक ब्लूमक्विस्ट अब्रूनुकसानीच्या खटल्यात दोषी ठरूनच आपल्यासमोर येतो, ते या दृष्टीने अचूक आहे. अमेरिकेत या वाटेने आलेले लेखक बहुधा बातमीदारीतूनच आले. मायामीत गुन्हेवार्ता लिहिणाऱ्या एडना ब्युकॅनन यांना १९८६ चे पुलित्झर मिळाले, आणि पुढे त्यांनी ब्रिट मॉन्टेरो ही बातमीदार नायिका उभी केली.

भारतात हा नायक स्थिरावला तो हिंदीत. सुरेंद्र मोहन पाठक यांचा सुनीलकुमार चक्रवर्ती हा राजनगर या काल्पनिक शहरातल्या ‘ब्लास्ट’ या दैनिकाचा क्राइम रिपोर्टर. १९६३ पासून त्याच्यावर शंभराहून अधिक कादंबऱ्या निघाल्या. इन्स्पेक्टर प्रभुदयालशी त्याची कायमची खडाखडी, आणि यूथ क्लबचा मालक रमाकांत हा बातम्या पुरवणारा मित्र. हिंदीत ज्याला लुगदी साहित्य म्हणतात, त्या खरखरीत पिवळट कागदावरच्या पुस्तकांत हा माणूस वाढला. समीक्षकांनी त्याच्याकडे पाहिले नाही, याचे त्याच्या वाचकांना सोयरसुतक नव्हते.

मराठीत मात्र ही जागा जवळपास रिकामी राहिली. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळापहाड, धनंजय. सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास – गाजलेल्या नायकांत साहसवीर आहेत, गुप्तहेर आहेत, वकील आहेत, पण ज्याच्या नावावर मालिका चालावी असा वर्तमानपत्राचा नोकर नाही. मराठी वर्तमानपत्र ही अग्रलेखाची परंपरा. तिथे मान संपादकाचा, पोलीस ठाण्यांचे उंबरठे झिजवणाऱ्याचा नव्हे, हे त्याचे एक कारण असावे. इंदूरच्या मराठी वाचकाला ही उणीव तितकीशी जाणवली नसेल. तो दोन्ही भाषांत वाचणारा. वाचनालयातून अर्नाळकर आणि खजुरी बाजारातून सुनील (मेजावर मराठी, उशीखाली हिंदी, अशी ती वाटणी).

इंदूरला या प्रकाराची पार्श्वभूमी कादंबरीबाहेरच जास्त आहे. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादिर बावला या व्यापाऱ्याचा गोळ्या घालून खून झाला. हल्लेखोरांना हवी होती त्याच्या मोटारीतली मुमताज बेगम, जी होळकर दरबार सोडून आली होती. योगायोगाने तिथून जाणाऱ्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी हस्तक्षेप केल्याने ती वाचली. हल्लेखोरांचे धागे इंदूरला पोहोचले. कोर्टापुढे होते ते हल्ला करणारे आणि कट रचणारे. त्यांच्यामागे कोण, हा प्रश्न वर्तमानपत्रांनी धरून ठेवला. अखेर १९२६ मध्ये इंदूरचे महाराज तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी चौकशी आयोगाऐवजी गादी सोडणे पत्करले. एखाद्या कादंबरीकाराने हा शेवट लिहिला असता तर अतिरंजित म्हणून हिणवला गेला असता.

पुढे ५ जून १९४७ रोजी सुरू झालेल्या ‘नईदुनिया’ने इंदूरला हिंदी पत्रकारितेची शाळा केले. त्याचे दीर्घकाळचे संपादक राहुल बारपुते मराठी भाषिक. घरी मराठी आणि कचेरीत हिंदी, ही या शहरातल्या मराठी पत्रकाराची जुनीच राहणी.

आजच्या बातमीदाराचे काम कादंबरीतल्यापेक्षा वेगळे झाले आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशाने, संवेदनशील प्रकरणे वगळता, प्राथमिकी (एफआयआर) चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते, त्यामुळे मुन्शीला चहा पाजून ती वाचण्याची मिजास उरली नाही. बातमी देणाऱ्याचे नाव गुप्त राखण्याचे संरक्षण १९७८ च्या कायद्याने प्रेस कौन्सिलपुढे आहे, कोर्टापुढे नाही. कथानक अडवायला ही फट पुरेशी आहे. शेवटच्या प्रकरणात कोंडलेला नायक सुटतोच, हा संकेत मात्र कादंबरीपुरताच धरावा. मुंबईचे गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांना ११ जून २०११ रोजी पवईत भरदुपारी गोळ्या घालण्यात आल्या.

इंदुरी बातमीदार नायक कुणी लिहिलाच, तर त्याचे खास हत्यार भाषा असेल. महाराष्ट्रात ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदतात, ते इथे ‘मर्ग’ कायम होते. महाराष्ट्रातला फिर्यादी इथे फरियादी होतो, ठाण्याचा प्रमुख पीआय नसून टीआय (टाउन इन्स्पेक्टर) असतो. आणि जबाब हिंदीत लिहिला जातो. समजा, इंदूरच्या रामबागेतल्या एका मराठी आजींच्या शेजारी खून झाला आहे. भाडेकरूबद्दल त्या आपल्या हिंदीत सांगतात, “उसको पहले शिक्षा हुई है.” मराठीत शिक्षा म्हणजे तुरुंग, हिंदीत शिक्षण. लिहून घेणारा शिपाई मान डोलावतो आणि भाडेकरूच्या नावापुढे लिहितो: शिक्षित. रात्री जबाबाची नक्कल हातात पडल्यावर बातमीदार त्या शब्दापाशी थबकतो, कारण त्याची स्वतःची आजी असलेच हिंदी बोलते. तो घड्याळाकडे पाहतो. बाहेरगावची डाक आवृत्ती गेलेली असते. शहर आवृत्तीला अजून तासभर असतो.