सीएमएल: रोजची एक गोळी आणि प्रोटीनमधली एक खाच

ब्लड कॅन्सर म्हटलं की आपल्याकडे लोक लगेच आवाज बारीक करतात आणि पेशंटकडे असं बघायला लागतात की तो बिचारा निम्मा तिथेच खचतो. पण ब्लड कॅन्सर हा काही एकच आजार नाहीये, त्यात बरेच प्रकार येतात, आणि त्यातल्या क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया म्हणजे सीएमएलची गोष्ट तर इतकी वेगळी आहे की निदान होऊन पंधरा-वीस वर्षं झालेली माणसं आज आरामात डबा घेऊन ऑफिसला जातायत.

बऱ्याचदा हा सापडतो तोच मुळी योगायोगाने. थकवा, पोटात डाव्या बाजूला जड वाटणं (प्लीहा वाढलेली असते), किंवा काहीच नाही, नुसतं रूटीन चेकअप म्हणून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केलं आणि पांढऱ्या पेशी, ज्या साधारण चार ते अकरा हजार असायला हव्यात, त्या लाख-दीड लाख निघाल्या. मग बोन मॅरो टेस्ट, आणि बीसीआर-एबीएल नावाचा बिघडलेला जीन शोधणारी, तो किती आहे ते मोजणारी पीसीआर टेस्ट.

हे बीसीआर-एबीएल म्हणजे खरी मजा आहे, थोडं सविस्तर सांगतो. 1960 मध्ये फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना या पेशंटांच्या पेशींमध्ये एक नेहमीपेक्षा आखूड क्रोमोसोम दिसला. तो आखूड का, ते कळायला 1973 उजाडलं. जॅनेट रौलीबाईंनी घरी डायनिंग टेबलवर क्रोमोसोमचे फोटो कापून जुळवले आणि त्यांच्या लक्षात आलं की 9 नंबरच्या आणि 22 नंबरच्या क्रोमोसोमने आपापले तुकडे अदलाबदल केलेत. या अदलाबदलीत 9 वरचा एबीएल जीन 22 वरच्या बीसीआरला जाऊन चिकटतो. एबीएलचं प्रोटीन काय करतं, तर एटीपी या पेशीच्या इंधनातला फॉस्फेट काढून दुसऱ्या प्रोटीनला लावतं, म्हणजे पेशीला "वाढ" असा निरोप देतं. एरवी हे काम गरजेपुरतंच चालतं, कारण एबीएलची स्वतःचीच एक शेपटी वळून त्याच्याच एका खाचेत बसते आणि त्याला बंद ठेवते. बीसीआरला चिकटताना नेमकी ही शेपटीच तुटून जाते! ब्रेकच गेला, निरोप चोवीस तास चालू.

सीएमएलची रोजची गोळी म्हणजे इमॅटिनिब, आणि हे औषध या प्रोटीनमधल्या एटीपीच्या जागेत जाऊन बसतं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसंच, एटीपी येतो तर जागा अडलेली. शिवाय प्रोटीन बंद आकारात असतानाच ते आत शिरतं आणि त्याला त्याच आकारात धरून ठेवतं. कधीकधी मात्र या प्रोटीनच्या साखळीत 315 व्या जागेवरचं थ्रिओनीन हे अमिनो आम्ल बदलून आयसोल्युसीन होतं, डीएनएतलं फक्त एक अक्षर बदलल्यामुळे, आणि मग गोळीला पकडायला हायड्रोजन बाँडही मिळत नाही आणि आत जायला वाटही नाही. अशा वेळी पोनॅटिनिब लागतं. अ‍ॅसिमिनिब हे त्याहून नवीन औषध तर एटीपीच्या जागेकडे जातच नाही, ते त्या तुटलेल्या शेपटीच्या रिकाम्या खाचेत बसतं. मला विचाराल तर औषधशास्त्रातली याच्याइतकी सुंदर आयडिया क्वचितच सापडेल.

इमॅटिनिबला अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ते टाइम मासिकाच्या कव्हरवर झळकलं आणि आता प्रत्येक कॅन्सरला अशी गोळी येणार असा गाजावाजा झाला. तसं झालं नाही, कारण सीएमएल मुख्यतः एकाच बिघाडावर चालतो, बहुतेक कॅन्सरमध्ये बिघाडांची गर्दी असते. आपल्याकडे प्रश्न पैशाचा होता. मूळ कंपनीचं औषध तेव्हा महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होतं, जेनेरिक (म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेलं तेच औषध) आठ-दहा हजारात. 1 एप्रिल 2013 ला सुप्रीम कोर्टाने जुन्याच औषधाच्या नव्या स्फटिकरूपाला पेटंट नाकारलं आणि जेनेरिकचा रस्ता मोकळा राहिला.

आता रोजचं जगणं. 400 मिलिग्रॅमची गोळी, जेवणाबरोबर, भरपूर पाण्यासोबत. डोळ्यांभोवती सूज, पायात गोळे, मळमळ, हे होतं. दर तीन महिन्यांनी पीसीआर, आणि त्यातला बीसीआर-एबीएलचा आकडा 0.1 टक्क्याच्या खाली आला की डॉक्टर जरा हसतात. रिपोर्टच्या आधीचा आठवडा मात्र घरात कुणी नीट झोपत नाही.

आणि खरा धोका इथेच आहे, बरं वाटायला लागलं की गोळ्या चुकतात. लंडनमधल्या एका अभ्यासात ज्यांनी 90 टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात चांगला रिझल्ट मिळण्याची सहा वर्षांतली शक्यता सुमारे 94 टक्के होती, बाकीच्यांत 28. दहा टक्के म्हणजे महिन्याला फक्त तीन गोळ्या! त्यात नातेवाईक पपईच्या पानांचा रस घेऊन येतात, "प्लेटलेट वाढतात" म्हणून. अहो, सीएमएलमध्ये प्लेटलेट बऱ्याचदा आधीच वाढलेल्या असतात. शिवाय कुठला काढा या गोळीचं रक्तातलं प्रमाण वरखाली करेल सांगता येत नाही, त्यामुळे डॉक्टरांना न विचारता काहीही नको. मूल हवं असेल तर बाईने आधीच डॉक्टरांशी बोलायचं, गर्भारपणात ही गोळी चालत नाही.

गोळी कायमची बंद होते का? काहींची होते. फ्रान्समध्ये 100 पेशंटांवर ट्रायल झाली, किमान दोन वर्षं पीसीआरमध्ये काहीच न सापडलेल्या. बंद केल्यावर साधारण चाळीस टक्के लोकांत आजार परत आला नाही, ज्यांच्यात आला त्यांच्यात तो बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच आला आणि गोळी परत सुरू केल्यावर आटोक्यातही आला. म्हणून बंद केल्यावर सुरुवातीला दर महिन्याला पीसीआर करतात. या काळात काहींचे सांधे आणि स्नायू चांगलेच दुखतात, आणि आजार उलटला म्हणून माणूस घाबरतो, पण ते दुखणं गोळी सुटल्याचं असतं, काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत जातं.