ब्री चीज

ब्री हे गाईच्या दुधापासून बनणारे मऊ फ्रेंच चीज आहे. त्याच्यावर पांढऱ्या बुरशीची मखमली साल असते आणि आत लोण्याच्या रंगाचा गर. नाव पॅरिसच्या पूर्वेकडील ब्री प्रदेशावरून पडले. या प्रदेशाचा मोठा भाग आज सेन-ए-मार्न जिल्ह्यात येतो. इतके नाजूक चीज फार लांब नेता येत नसे, पण पॅरिसची बाजारपेठ जवळच असल्याने त्याचे नाव झाले. १८१४-१५ च्या व्हिएन्ना परिषदेत फ्रेंच मुत्सद्दी तालेराँने ब्री मांडले आणि ते ‘चीजचा राजा’ ठरले, अशी आख्यायिका आहे.

‘ब्री’ हे नुसते नाव कायद्याने राखीव नाही. कोणत्याही देशातला कारखाना ते वापरू शकतो, त्यामुळे दुकानातल्या दोन ब्रींमध्ये बरेच अंतर असू शकते. संरक्षण आहे ते ‘ब्री द मो’ आणि ‘ब्री द मेलँ’ या दोघांना. फ्रान्सने त्यांना १९८० मध्ये मूळस्थानदर्शक मानांकन दिले. दोन्ही कच्च्या, म्हणजे न तापवलेल्या दुधाची असतात. ब्री द मोचे चाक, म्हणजे अख्खी गोल वडी, साधारण ३६ सेंटिमीटर व्यासाचे आणि अडीच ते तीन किलोंचे असते, आणि एका चाकाला जवळजवळ २५ लिटर दूध लागते. मेलँचे चाक लहान, पण चव अधिक खारट व उग्र. कुलोमिए हा याच घराण्यातला आणखी छोटा प्रकार. जादा साय घातलेली डबल व ट्रिपल क्रीम ब्री जिभेवर विरघळते, पण मुरलेल्या ब्रीचा मातकट, आळंब्यासारखा वास तिच्यात क्वचितच सापडतो.

मोच्या दुधात विरजण आणि रेनेट (दूध जमवणारे विकर) घातले की दूध लवकर जमते. मेलँच्या बाबतीत मुख्य काम विरजणातल्या जिवाणूंचे असते, म्हणून ते जमायला किमान १८ तास लागतात. जमलेले दही भोकांच्या पसरट पळीने पातळ थरांमध्ये साच्यात घालतात. त्याच्यावर वजन ठेवत नाहीत. निवळी आपोआप गळू देतात. मग मीठ लावतात आणि ‘पेनिसिलियम कॅमेम्बर्टी’ ही बुरशी पृष्ठभागावर वाढू लागते. पुढचे निदान चार आठवडे मुरण्याचे. बुरशी पृष्ठभागावरचे आम्ल खाते, तिची विकरे प्रथिने तोडतात आणि गर सालीकडून आतल्या दिशेने मऊ होत जातो. मध्यभागी खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर चीज अजून कच्चे आहे असे समजावे. मात्र एकदा कापलेला तुकडा पुढे नीट मुरत नाही, म्हणून घेतानाच पारख करावी.

आम्ल कमी झाल्यामुळे चव खुलते, पण त्याच कारणाने धोकाही वाढतो. कमी आम्ल आणि भरपूर ओलावा असलेल्या चीजवर लिस्टेरिया हा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढू शकतो. १९९५ मध्ये फ्रान्समधील लिस्टेरियाच्या एका साथीचा माग ब्री द मोपर्यंत पोचला होता. निरोगी माणसाला सहसा फारसा त्रास होत नाही. गरोदर स्त्रीला मात्र साधा ताप येऊन गेला तरी गर्भपात किंवा मृत बालकाचा जन्म होऊ शकतो. वृद्धांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनीही कच्च्या दुधाची ब्री टाळावी. पाश्चरीकृत दुधाची ब्री अधिक सुरक्षित असली, तरी जंतू नंतर पृष्ठभागावरून शिरू शकतात. म्हणून ब्रिटनमध्ये गरोदर स्त्रियांना कोणतीही ब्री वाफा येईपर्यंत आतून शिजवूनच खाण्याचा सल्ला देतात. अमेरिकेत कच्च्या दुधाचे चीज ६० दिवस मुरल्याशिवाय विकता येत नाही, त्यामुळे अस्सल मो तिथे मिळत नाही.

ब्री फ्रिजमध्ये कागदात गुंडाळून ठेवावी आणि खाण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर काढावी. थंडगार ब्रीला चवच लागत नाही. साल खाण्याजोगी असते. अमोनियाचा हलका दर्प असला तर थोडा वेळ उघडी ठेवल्यावर तो जातो. नाकात झोंबत राहिला तर ती जास्त मुरली आहे. त्रिकोणी तुकड्याचे टोक आडवे कापून घेणे फ्रान्समध्ये असभ्य मानतात. तिथे टोकापासून सालीपर्यंत लांब काप घेतात, म्हणजे मधला गर आणि कडेचा भाग दोन्ही प्रत्येकाच्या वाट्याला येतात.