बत्तीच्या मेंटलमधला धातू आणि डोळ्याचा पडदा

तासगावच्या आत्याला पहिली शंका आली ती दाराच्या चौकटीवरून. "चौकट मधीच वाकडी झालीया का रं?" असं तिनं विचारलं. मी ओळंबा लावून बघितला, चौकट सरळच होती. मिरजेला नेल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, पडद्याच्या मधोमध नको तिथे रक्तवाहिन्या वाढल्यात आणि त्यांतून पाणी झिरपतंय. तेव्हापासून डोळ्यात इंजेक्शन घ्यायला तिच्या मिरजेच्या खेपा सुरू आहेत.

मोतीबिंदू झाला तर भिंग बदलता येतं. पडद्याचं, म्हणजे दृष्टिपटलाचं, तसं नाही. तिथे उजेड टिपणाऱ्या सुमारे 12 कोटी दंडपेशी आणि 60 लाख शंकूपेशी असतात, आणि त्यातली एकदा मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. म्हणून आहेत त्या जपायच्या.

त्या मरतात कशा, हे आत्याला सांगायला मला तिच्याच माळ्यावरचे शेंगदाणे उपयोगी पडले. दाणे उघडे राहिले की खवट होतात, कारण त्यातल्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागतो. उजेड आणि उष्णता असेल तर आणखी लवकर. आता पडद्याचं बघा. त्या पेशींच्या टोकाला नाजूक मेदाच्या चकत्या एकावर एक रचलेल्या असतात. पडदा शरीरातल्या सर्वात जास्त ऑक्सिजन खाणाऱ्या ऊतींपैकी एक, आणि उजेड तर दिवसभर त्याच्यावरच पडतो. खवटपणाला लागणारं सगळं साहित्य एकाच जागी! यातून ज्यांचा एक इलेक्ट्रॉन कमी आहे असे 'मुक्त मूलक' तयार होतात आणि ते शेजारच्या रेणूचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात. शरीर चकत्या रोज थोड्या थोड्या बदलत असतं, पण वय झालं की ही डागडुजी मागे पडते.

इथे सेरियम येतो. हा धातू आपल्या ओळखीचा आहे, फक्त नावानं नाही. पालच्या खंडोबाच्या यात्रेत रात्री ज्या गॅसबत्त्या पेटायच्या, त्यांच्या जुन्या मेंटलमध्ये, म्हणजे तापून उजेड देणाऱ्या जाळीच्या पिशवीत, सुमारे 99 टक्के थोरियम ऑक्साइड आणि 1 टक्का सेरियम ऑक्साइड असे. त्या एका टक्क्यानं बत्तीला पांढराशुभ्र उजेड यायचा. चष्म्याच्या काचेला पॉलिश करतात तेही सेरियम ऑक्साइडनंच.

त्याचा गुण उसनवारीचा आहे. सेरियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, परत घेतो, पुन्हा देतो. क जीवनसत्त्वही इलेक्ट्रॉन देतं, पण देऊन संपतं. सेरियम संपत नाही. कण जितका बारीक, तितके जास्त अणू पृष्ठभागावर येतात आणि ही देवघेव वाढते. म्हणून संशोधकांनी सेरियम ऑक्साइडचे सुमारे 5 नॅनोमीटरचे कण घेतले. माणसाच्या एका केसाच्या जाडीत असे पंधराएक हजार कण ओळीनं बसतील.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा आणि सेंट्रल फ्लोरिडा इथल्या विद्यापीठांमधले जेम्स मॅकगिनिस, सुदीप्त सील आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 साली हे कण प्रयोगशाळेतल्या घुशीएवढ्या उंदरांच्या डोळ्यात टोचले आणि त्यांना तासन्‌तास प्रखर उजेडात ठेवलं. एरवी या उजेडानं पडद्याच्या पेशी मरतात. कण टोचलेल्या डोळ्यांत त्या मोठ्या प्रमाणात वाचल्या. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते 2011 सालचं काम. आत्यासारख्याच अवाजवी रक्तवाहिन्या वाढणाऱ्या लहान उंदरांत या कणांनी ती वाढ रोखली, आणि आधी वाढलेल्या वाहिन्याही मागे हटल्या.

हे ऐकून आत्यानं विचारलं, "मग एकदाच टोचून भागंल व्हय रं?" प्रश्न अगदी नेमका होता. 2013 साली उंदरांवरच्या अभ्यासात असा हिशेब निघाला, की पडद्यातले निम्मे कण बाहेर पडायलाही वर्षाहून जास्त काळ लागेल. सारख्या इंजेक्शनांना कंटाळलेल्या माणसाला हे वरदान वाटेल. पण जे इतके दिवस आत राहतं, ते बाधलं तर काढून टाकता येत नाही. त्या अभ्यासात उंदरांच्या पडद्याला इजा दिसली नाही, पण उंदराचं आयुष्य दोन-तीन वर्षांचं, आणि माणसाला ते कण त्याहून कितीतरी जास्त काळ डोळ्यात वागवावे लागतील. ती तपासणी सावकाशच व्हायला हवी, असं मी तिला सांगितलं. ते तिला पटलं. पुढच्या खेपेची तारीख तिनं कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून घेतली आहे.