फुलापानांचे लॅमिनेटेड बुकमार्क करताय? आधी फूल वाळलंय का बघा

आमच्याकडून लॅमिनेशनचे पाऊच (एका कडेला जोडलेल्या दोन प्लास्टिक शीट, तापवल्या की एकमेकांना चिकटतात) आणि कार्डपेपर नेणाऱ्या बऱ्याच जणांचा पहिला बुकमार्क फसतो आणि कारण बहुतेक वेळा एकच असतं, फूल आतून ओलं राहिलेलं असतं. वरून हात लावला तर कोरडं लागतं पण देठापाशी आणि मधल्या गाठीत ओल असतेच, मग लॅमिनेशन मशीनमध्ये १०० डिग्रीच्या वर तापलं की त्या ओलीची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट नसते, पाऊचमध्ये बुडबुडे येतात आणि पाकळ्या तपकिरी पडतात. एकदा चिकटलेला पाऊच परत उघडत नाही, म्हणून बाकी सगळ्यात घाई चालेल, वाळवण्यात नको.

फुलं दव उडून गेल्यावर तोडा. साध्या कोऱ्या कागदाच्या घडीत एकमेकांना न चिकटता ठेवा, वर जाडजूड पुस्तकं ठेवा आणि पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला कारण सगळी ओल तोच शोषून घेतो. दोन ते तीन आठवडे लागतात, दमट हवेत जास्तच. झालं का हे ओळखायचं असेल तर फूल गालाला लावून बघा, गार लागलं तर अजून ओल आहे, आणि पान वाकवलं की कुरकुरलं पाहिजे.

कुठलं फूल घ्यायचं असं सगळेच विचारतात. चपटं आणि पातळ घ्या. नेचाची पानं, गवताचे तुरे, कॉसमॉस, पॅन्सी मस्त होतात आणि बोगनवेल तर आमची एकदम लाडकी, तिचा जो रंगीत भाग आपण फूल समजतो तो खरं तर पानाचाच प्रकार आहे, कागदासारखा कोरडा असतो म्हणून पटकन वाळतो (खरं फूल म्हणजे मधलं बारीक पांढरट). गुलाब, झेंडू अख्खे घालू नका, पाकळ्या सुट्या करून वाळवा. रंगाचं म्हणाल तर पिवळा, केशरी जास्त टिकतो, लाल-जांभळा उजेडात हळूहळू उडतो आणि हिरवी पानं पुढेमागे पिवळट होतात, ते लॅमिनेशनने थांबत नाही. त्यामुळे बुकमार्क उन्हात पडून राहू देऊ नका, पुस्तकातच ठेवा.

फुलासोबत सोनेरी कागदाचे कपटे, रेशमी दोरा, लेस, पातळ कापड, जाळीदार झालेलं पान, काहीही घाला, फक्त जाड नको. टिकल्या, मणी, तार घातली की तिच्या भोवती पाऊच नीट चिकटत नाही, हवेची कड राहते, वर रोलरलाही त्रास होतो. मेणाचे खडू वितळतात. दुकानातलं बिल तर अजिबात घालू नका, ते थर्मल कागदावर छापलेलं असतं आणि उष्णतेने अख्खं काळं पडतं. आणि जुनी चिठ्ठी, कुणाचं हस्ताक्षर, एकुलता एक फोटो असेल तर कृपा करून मूळ कागद लॅमिनेट करू नका, झेरॉक्स किंवा प्रिंट काढून ती घाला, मूळचं परत मिळत नाही.

आता मांडणी. एका ए४ पाऊचमध्ये आडवे पाच बुकमार्क बसतात, प्रत्येकी ५ सेंमी रुंद आणि १५ ते १८ सेंमी लांब धरा. पण फूल, कार्ड, दोरा सगळं मधल्या ४ सेंमीतच ठेवायचं, चारी बाजूंना किमान ५ मिमी नुसतं प्लास्टिक प्लास्टिकला चिकटलेलं हवं. कापताना ही कड गेली की तिथून दमट हवा शिरते आणि थोड्याच दिवसात पाऊच सुटायला लागतो. फूल हलू नये म्हणून गोंदाचा अगदी ठिपका लावा आणि तो पूर्ण सुकू द्या. पाऊच आम्ही १२५ मायक्रॉन जाडीचा सुचवतो, ८० चा फार लवचिक होतो आणि २५० चा पुस्तकात टोचतो. मशीन पूर्ण तापल्यावर पाऊचची बंद कड आधी आत सोडा, बाहेर आला की लगेच सपाट जागी वजनाखाली ठेवून गार होऊ द्या, नाहीतर वाकडा होतो. मशीन नसेल तर इस्त्री चालते, वाफ बंद, मध्यम आच, खाली-वर साधा कागद, मधून कडेकडे दाबत जायचं.

गोंड्यासाठी भोक फुलापासून लांब, वरच्या मोकळ्या कडेत पाडा, त्यासाठी वर १ सेंमी जास्त सोडा. कोपरे गोल करा, नाहीतर पुस्तकाची पानं फाटतात.

स्वतः करायला वेळ नसेल तर वाळलेली फुलं आमच्याकडे पाठवा, पण प्लास्टिकच्या पिशवीत नको, त्यात बुरशी येते, दोन पुठ्ठ्यांमध्ये कागदात ठेवून पाठवा आणि वर तारीख आणि फुलाचं नाव लिहा, आम्ही ते बुकमार्कच्या मागच्या बाजूला छापून देतो.