गाव सुटलं की आडनाव लागतं

गायिका मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म 1904 साली गोव्यातल्या कुर्डीत झाला. ते गाव आज साळावली धरणाच्या पोटात आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती उघडी पडतात, जुने गावकरी तिथे जमतात, आणि पावसाबरोबर सगळं पुन्हा बुडतं. आडनाव मात्र शाबूत आहे.

'कर' लागलेली आडनावं बहुधा गावाबाहेरच जन्माला येतात. कुर्डीत सगळेच कुर्डीकर. तिथे त्या नावानं कोण कुणाला ओळखणार? गावात ओळख घराण्यावरून, नाहीतर धंद्यावरून. परमुलखात गेल्यावर पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुठले?" आणि त्याचं उत्तरच पुढे आडनाव होऊन बसतं. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक गावावरून ते निंबाळकर झाले. बाबासाहेबांचं घराणं सकपाळांचं; मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावावरून आंबडवेकर, आणि शाळेच्या दप्तरात आंबेडकर.

ही रीत आपल्याला वाटते त्याहून खूप जुनी. कार्ल्याच्या चैत्यगृहात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख आहे. हे लेणं घडवणारा भूतपाल शेठ त्यात स्वतःला 'वेजयंतितो', म्हणजे वैजयंतीहून आलेला, म्हणवतो. वैजयंती म्हणजे कर्नाटकातलं बनवासी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. कार्ल्याच्याच खांबांवर धेनुकाकट गावच्या यवनांचीही, म्हणजे ग्रीकांचीही, नावं कोरलेली आहेत. प्रत्यय वेगळा, पण गाव सांगण्याची गरज तीच.

मग खुद्द गावांची नावं कुठून आली? इथे दंतकथांचा बाजार मोठा. कुठे पांडव मुक्कामाला राहिले, कुठे सीतामाईनं काही सांडलं. या कथा ऐकायला गोड, पण त्या आजच्या उच्चारावरून रचलेल्या असतात आणि तिथेच फसतात. भाषाशास्त्र उलट्या टोकानं निघतं: सर्वांत जुना लेखी उल्लेख शोधायचा आणि मधले ध्वनिबदल नियमात बसतात का ते पाहायचं. प्राकृतात दोन स्वरांमधली व्यंजनं झिजतात. 'नगर'मधला ग गळला आणि 'नेर' उरलं, म्हणून संगमनेर, पारनेर. 'पल्ली'तल्या प चा व झाला, म्हणून बोरिवली, डोंबिवली. 'प्रतिष्ठान'चं पैठण व्हायलाही अशीच झीज कारणीभूत. बडोद्याचा उल्लेख 812 सालच्या ताम्रपटात 'वडपद्रक' असा येतो. 'वट'चा 'वड' होणं नियमाला धरून आहे, तेव्हा त्या शहराच्या नावात वडाचं झाड आहे हे मानायला हरकत नाही. एरवीही राजांपेक्षा झाडांनीच जास्त गावं वसवलीत, असं नकाशा पाहिला की वाटतं: वडगाव, पिंपळगाव, आंबेगाव, बाभूळगाव.

माणसांची पाळण्यातली नावंही गावांवरून पडतात, पण त्यांचा कल वेगळा. काशीबाई, मथुरा, द्वारका, पंढरीनाथ. ही सोडलेली गावं नव्हेत, जिथे जायची आस आहे ती. त्या काळी काशीला जाऊन येणं सगळ्यांच्या नशिबी नव्हतं. घरात काशीला हाक मारणं जमण्यासारखं होतं.

सगळ्यांत गुंतागुंतीची साखळी मंगेशकरांची. मास्टर दीनानाथांचे वडील गोव्यातल्या मंगेशीच्या देवळात अभिषेक करत, म्हणून अभिषेकी. मुलानं रंगभूमीवर येताना गावाचं नाव घेतलं. पण मंगेशी हे नाव पडलं देवावरून, आणि तो देव तिथला नव्हेच. पोर्तुगीजांच्या धाकानं 1560 मध्ये भक्तांनी तो कुठ्ठाळीहून नदीपलीकडे प्रियोळला, म्हणजे आजच्या मंगेशीत, आणला. म्हणजे नियम काटेकोरपणे लावायचा तर मंगेशकरांचा देवच मुळी कुठ्ठाळीकर.