विंडोज बदलताना अडते कुठे? सांगलीच्या बाजारपेठेतील एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांत आणि आसपासच्या गावांतील पतसंस्थांत संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचा विषय अधूनमधून निघतो आणि बहुधा पुढे ढकलला जातो. याला चालढकल म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु खरी अडचण विंडोजची नसून तिच्यावर चालणाऱ्या हिशेबाच्या प्रोग्रॅमची आहे.

विंडोजची मुदत कधीच अचानक संपलेली नाही. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या सुरक्षा दुरुस्त्या, ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला, आणि या तारखा कितीतरी आधी जाहीर झाल्या होत्या. तरीही एटीएममधील कालबाह्य प्रणाली जून २०१९ पर्यंत टप्प्याटप्प्याने बदलाव्यात, असे रिझर्व्ह बँकेला २०१८ मध्ये बँकांना बजावावे लागले. मे २०१७ मधील वॉनाक्राय या, फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्यात वापरल्या गेलेल्या त्रुटीची दुरुस्ती विंडोज ७ साठी मार्चमध्येच आली होती. ती न बसवलेले संगणक त्यात सापडले.

आता बाजारपेठेकडे पाहू. शेतकऱ्याची पट्टी काढणारा, हमाली, तोलाई आणि अडत वजा करून निव्वळ रक्कम दाखवणारा प्रोग्रॅम अनेक ठिकाणी विंडोजपूर्वीच्या डॉस प्रणालीवर चालणाऱ्या फॉक्सप्रो या नोंदी ठेवण्याच्या भाषेत लिहून घेतलेला असे, आणि पट्टी डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर कार्बन लावून निघे. असे सोळा बिटांचे प्रोग्रॅम बत्तीस बिटांच्या विंडोजवर चालत राहिले, त्यामुळे एक्सपीवरून ७ वर आणि ७ वरून १० वर जाताना बत्तीस बिटांची आवृत्ती घेतली की वेळ निभावून जाई. २०२१ साली आलेली विंडोज ११ मात्र केवळ चौसष्ट बिटांत मिळते, त्यामुळे ही वाट बंद झाली. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर या अटींमुळे बरीच जुनी यंत्रेही बाद ठरली. जुना प्रोग्रॅम डॉसबॉक्ससारख्या, डॉसची नक्कल करणाऱ्या साधनात चालवता येतो, पण छपाई जुळवताना नाकी नऊ येतात. माझ्या मते हा तात्पुरता टेकू आहे.

मराठी मजकुराचे दुखणे वेगळे. जुन्या, युनिकोडपूर्व (म्हणजे सर्व यंत्रांवर चालणारी अक्षरांची समान पद्धत येण्याआधीच्या) फॉन्टमध्ये साठवलेली खातेदारांची नावे तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरे होऊन उमटतात, म्हणून रूपांतर करून ती एकेक तपासावी लागतात.

घरगुती वापरकर्त्यांना विंडोज १० च्या सुरक्षा दुरुस्त्या नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. संस्थांसाठीची सशुल्क सोय निराळी आहे. यार्डात हळद आणि बेदाण्याची आवक जोरात असते त्याच सुमारास मार्चअखेरही येते. तेव्हा यंत्रांना हात लावणे परवडत नाही. त्यामुळे जुन्या आणि नव्या प्रोग्रॅमवर एकाच दिवसाच्या पट्ट्या काढून ताळा जमवण्याचे काम पावसाळ्यातच उरकावे लागते.